नानांचे तीन शब्द

नाना कुणाच्याही घरी गेले की आधी यजमानांकडे बघत नसत, बसायला दिलेल्या स्टुलाच्या बुडाकडे बघत. स्टूल उलटं करायचं, पायांचे सांधे अंगठ्याने दाबून बघायचे, कुठे खिळा दिसला तर तोंड वाकडं करायचं, आणि मग त्यावर बसायचं. किंवा बसायचंच नाही. हे सगळं होईपर्यंत यजमान हातात पाण्याचा पेला घेऊन उभे. पेला पुढे आला की पाणी पिण्याआधी त्याच्या काठावरून बोट फिरणार. लोकांना वाटायचं, नानांना घाणीचा तिटकारा असेल. तसं काही नव्हतं. नाना वस्तूंची विचारपूस करत होते, इतकंच. माणसांची करायला यजमानीणबाई होत्याच.

माझ्या क्वार्टरमध्ये ते पहिल्यांदा आले ते माझ्याच आमंत्रणावरून, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही. दीपनगरच्या वीज केंद्रात मी नुकताच ज्युनियर इंजिनियर म्हणून रुजू झालो होतो. नाना ड्रॉइंग ऑफिसात मुख्य ड्राफ्ट्समन. हुद्द्याने माझ्या खाली, वयाने वडिलांच्या बरोबरीचे, आणि कामात इतके वर की नकाशा त्यांनी मला दाखवायचा की मी त्यांना, हा माझा गोंधळ शेवटपर्यंत मिटला नाही. म्हटलं, चहाला बोलवावं. त्या चहासाठी मी खास जळगावहून किटली आणली. चिनी मातीची, हत्तीच्या आकाराची. शेपटीला धरायचं आणि सोंडेतून चहा ओतायचा. दुकानात ती बघितली तेव्हा मला स्वतःच्या रसिकतेचं इतकं कौतुक वाटलं की मी भाव करायचंही विसरलो.

मी ओतला. हत्तीने थोडा चहा कपात सोडला, थोडा सोंडेखालून स्वतःच्या पायांवर, आणि राहिलेला नानांच्या पांढऱ्या लेंग्यावर.

नाना दचकले नाहीत. रुमालाने गुडघा टिपत त्यांनी हत्ती हातात घेतला, सोंडेच्या टोकावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "भाऊ, धार तुटली पाहिजे. हात थांबला की धार तिथल्या तिथे तुटली पाहिजे. हिची तुटत नाही, ओघळते. किटली आगाऊ आहे."

"मग काय, फेकून देऊ?" मी ओशाळून विचारलं.

"फेकता कशाला? चहा सोडून काहीही भरा."

त्या हत्तीत पुढे कित्येक वर्षं आमच्या घरातले सुट्टे स्क्रू राहत होते. ते काम त्याने चोख केलं.

नानांकडे वस्तूंसाठी तीनच शब्द होते. शहाणी, अडाणी आणि आगाऊ. जिला आपलं काम येत नाही ती अडाणी. आपलं काम सोडून जी भलतंच करायला जाते ती आगाऊ. आणि हातात घेतल्यावर आपल्या हातात काही आहे हे ज्या वस्तूमुळे विसरायला होतं, ती शहाणी. जगातल्या झाडून सगळ्या वस्तू, सुईपासून आमच्या केंद्राच्या चिमणीपर्यंत, या तीन शब्दांत बसत. एरवी नाना ऑफिसात शुद्ध बोलायचे, पण ते मूळचे नरडाण्याकडचे. एखादी वस्तू फारच मनात भरली की शुद्ध भाषा गळून पडायची आणि आतून अहिराणी वर यायची. "देख भो, देख! हाई शहानी शे!" हे वाक्य ऐकू आलं की ड्रॉइंग ऑफिसातले सगळे पेन्सिली खाली ठेवून धावत. एकदा अशी धावाधाव केल्यावर कळलं की शहाणी निघालेली वस्तू म्हणजे टाचणीची उशी होती.

'छान', 'सुंदर', 'मस्त' हे शब्द मात्र मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. "छान म्हणजे काय?" ते विचारायचे. "छान म्हणजे बघणाऱ्याने आळस केला. काय करते, कसं करते, ते सांगा."

खिशात कायम एक काचेची गोटी आणि सुताचा एक तुकडा. गोटीने पृष्ठभागाचा उतार कळे आणि सुताने उभ्याचा ओळंबा. मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये नवं टेबल आलं, तेव्हा सगळे अभिनंदन केल्यासारखे रांगेने बघून गेले. नानांनी टेबलावर गोटी ठेवली. गोटी थोडा विचार करून निघाली आणि थेट साहेबांच्या मांडीवर पडली.

"साहेब, टेबल अडाणी आहे," नाना अदबीने म्हणाले.

साहेब भले होते. त्यांनी गोटी परत दिली आणि टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठा घातला.

घरी काकूंचे हाल विचारू नका. "आमच्याकडे साधी पळी आणायची तर तिची मुलाखत होते," त्या सांगायच्या. "कुकर घेतला तर महिनाभर प्रोबेशनवर. मी हात हातात देऊन या घरात आले, तेव्हा उलटं करून बघितलं नाही एवढं नशीब." नाना ऐकून न ऐकल्यासारखं करत. काकूंची खरी तक्रार मात्र वेगळी होती, आणि ती त्या हसत हसतच सांगायच्या. "लग्नाला इतकी वर्षं झाली, नवी साडी नेसून पुढ्यात उभी राहिले आणि विचारलं, कशी दिसते? तर हे पदराचा काठ चिमटीत धरून म्हणतात, रंग जाणार नाही."

सुट्टीच्या दिवशी नाना आसपासचे आठवडे बाजार फिरायचे. वरणगाव, बोदवड, यावल. विकत घेणं फार थोडं, बघणंच जास्त. एका सुपाच्या विणीपुढे ते असे उकिडवे बसत की मागून येणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याला भोवळ आली. वस्तू शहाणी निघाली की ती कुणी केली ते विचारत विचारत त्याच्या घरी जायचे. फक्त सांगायला. "तुमचा विळा मी वापरतो. मूठ फार विचाराने केली आहे." एवढं बोलून परत. बिचारा लोहार घाबरायचा. एकाने तर नानांना विक्रीकर खात्याचा माणूस समजून, "मी विळे करतच नाही, हे शेजाऱ्याचे आहेत," असं भात्यापुढे बसून सांगितलं होतं. नानांना तोही आवडला. म्हणाले, "माणूस अडाणी नाही."

दोन-चार बाजार त्यांच्याबरोबर फिरल्यावर मला वाटायला लागलं की आपल्यालाही नजर आली. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि बायकोवर छाप पाडण्याचे मार्ग संपत आले होते. बोदवडच्या बाजारात एकटाच गेलो आणि जुन्या लोखंडाच्या ढिगातून एक अप्रतिम वस्तू उचलून आणली. दोन लांब दांडे, वर जाऊन एकमेकांना सामोरे वळलेले, जसे दोन बगळे चोचीत चोच घालून उभे आहेत. वजन कसं हातात बसणारं. तेल लावून, पुसून, मी ती बैठकीच्या खोलीत लग्नाच्या फोटोच्या बरोबर वर टांगली. बायको म्हणाली, "हे काय आहे?" मी म्हणालो, "तुला नाही कळायचं. हा घाट बघ."

आठवडाभर आल्यागेल्याने तो घाट बघितला. काही वयस्क मंडळी तो बघून लवकर उठून गेली, ते मला खटकलं होतं. मग नाना आले. स्टुलाकडे जाता जाता थबकले. वर बघितलं, खाली फोटोकडे बघितलं, परत वर बघितलं.

"भाऊ, हे कशासाठी लावलं?"

"शहाणी आहे ना, नाना?" मी छाती काढून विचारलं.

"आहे. शंकाच नाही. फार शहाणी आहे," नाना म्हणाले. "हा बैल बडवायचा चिमटा आहे. गोऱ्ह्याचा बैल करतात ना, त्याचा. एवढंच म्हणतो, लग्नाच्या फोटोवरून काढा."

बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिचं ते हसणं अजून अधूनमधून ऐकू येतं, विशेषतः मी घरात काही नवीन आणलं की.

आता प्रदर्शनाचं सांगतो. त्यासाठीच तर लिहायला बसलो.

आमच्या वसाहतीच्या क्लबात दरवर्षी थंडीत हस्तकलेचं प्रदर्शन भरायचं आणि त्या वर्षी मी क्लबचा चिटणीस होतो. थर्माकोलचे ताजमहाल, सुतळीची घुबडं, लोकरीचे गणपती, यांची तेव्हा चलती होती. पण त्या वर्षी सगळ्यांवर ताण केली मण्यांच्या हंसांनी. कुणीतरी क्लास काढला होता, आणि वसाहतीत टीव्ही आहे त्या घरात टीव्हीवर हंस आहे, अशी परिस्थिती आली होती. आमच्याही टीव्हीवर होता, बायकोने केलेला. मी स्वतः काड्यापेटीच्या काड्यांचं शिडाचं जहाज केलं होतं. चिटणिसाने भाग घेणं बरं दिसत नाही म्हणून ते बायकोच्या नावावर लावलं. तिने जहाजाच्या टेबलाकडे फिरकायलासुद्धा नकार दिला.

परीक्षक कोण? मला वाटलं, हाताने केलेल्या वस्तूंवर नानांइतका जीव दुसऱ्या कुणाचा आहे? माझ्या आयुष्यातल्या चुकांची उतरंड लावली तर हत्तीची किटली सगळ्यात वर येईल, कारण ती सगळ्यात लहान. ही पार बुडाशी.

नाना आले. खिशातून गोटी काढली. ताजमहालाला म्हणाले, आगाऊ. घुबडाला म्हणाले, आगाऊ. माझ्या जहाजापुढे क्षणभर थांबले आणि मला हळूच म्हणाले, "वहिनींना सांगा, एवढ्या काड्यांत वर्षभर स्टोव्ह पेटला असता." हंसांचं टेबल आलं. एका ओळीत सात-आठ हंस माना वळवून उभे. नानांनी लांबूनच हात हलवला. "हे सगळेच आगाऊ." आणि पुढे जाता जाता त्यांचं लक्ष टेबलाखाली गेलं.

टेबलाखाली एक वायरची पिशवी पडली होती. कुणीतरी आपला हंस त्यात घालून आणला होता. नाना टेबलाखाली शिरले. बराच वेळ त्यांचे फक्त पाय दिसत होते. मग आतून आवाज आला, "देख भो! हाई देख!"

ती पिशवी खरंच बघण्यासारखी होती, हे मी आज कबूल करतो. बुडाला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी विणून घेतलेली, म्हणजे पिशवी ओल्या जागी ठेवली तरी खालून भिजायची नाही. दोन बंदांतला एक लांब, एक आखूड. लांब बंद आखूड बंदातून ओवून घेतला की पिशवीचं तोंड आपोआप मिटायचं, आणि सायकलच्या हँडलला लावली तर चाकात जायची नाही. नाना तिच्यात हात घालून, काढून, परत घालून बघत होते. डोळे असे चमकत होते की मला भीती वाटली, आता हे रडतात.

"कुणाची आहे?"

पिशवी सिस्टरांची होती. आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर, बोदवडच्या. अख्खी वसाहत त्यांना वचकून असायची. इंजेक्शन देताना 'दुखणार नाही' असं त्या कधीच म्हणत नसत. "दुखणार आहे. ओरडायचं असेल तर आताच ओरडून घ्या," म्हणायच्या. हंस त्यांचाच होता, ओळीतला शेवटचा.

संध्याकाळी बक्षीस समारंभ. माईक माझ्याकडे. मी आपला उत्साहाने ओरडलो, "पहिलं बक्षीस, आपल्या सगळ्यांच्या सिस्टर!" टाळ्या. सिस्टर उठल्या. त्यांना हसताना मी तेव्हा प्रथम बघितलं. जरीची साडी नेसून आल्या होत्या. स्टेजवर आल्या आणि टेबलावरच्या हंसांकडे त्यांनी एकदा बघून घेतलं, जसं आई वर्गातल्या आपल्या पोराकडे बघते. मग नानांनी माईक घेतला आणि पिशवी वर उचलून धरली. बुडाची पट्टी, लांब बंद, आखूड बंद. नाना बोलत राहिले आणि सिस्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू एकेक टाका उसवावा तसं उसवत गेलं.

बक्षीस म्हणून मी आणलेला स्टीलचा जग नानांनी पुढे केला. सिस्टरांनी हात पुढे केला नाही.

"नाना, ही पिशवी मी नळाच्या रांगेत उभ्या उभ्या विणली," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण माईक चालू होता. "हंसाला सहा महिने गेले. दिवसभर माझ्या हातून उपयोगाचंच होतं. सुई, पट्टी, टाके. घरी गेलं की भाकरी, धुणं. तेही उपयोगाचंच. जन्मात एक वस्तू, एकच, बिनउपयोगाची केली. ती तुम्ही उचलूनसुद्धा बघितली नाही. मले नको तुमचा जग."

हंस उचलला, पिशवीत घातला, लांब बंद आखूड बंदातून ओढला आणि गेल्या. पिशवीचं तोंड मिटलं, ते त्या घाईतही किती बरोबर मिटलं, हे नानांनी बघितलं आणि मान खाली घातली.

पुढचे काही दिवस नानांनी ऑफिसात एकाही वस्तूला काही म्हटलं नाही. मग एका दुपारी माझ्या टेबलापाशी आले. "भाऊ, दवाखान्यात चला बरं जरा."

"काय होतंय?"

"काही होत नाही. एकट्याने जायची भीती वाटते."

सिस्टर सुया उकळत होत्या. नाना दारातूनच म्हणाले, "सिस्टर, चुकलं. पण एक मागायला आलो. मला तशी एक पिशवी करून द्या."

मी मनात डोक्यावर हात मारून घेतला. माफी मागायला आलेल्या माणसाने पुन्हा पिशवीच मागावी! पण सिस्टर रागावल्या नाहीत. चिमट्याने सुया बाहेर काढता काढता म्हणाल्या, "देते. पण हंस न्यावा लागेल."

"हंस?"

"पिशवीबरोबर तोच हंस. घरात समोर ठेवायचा. आणि त्याचा उपयोग करायचा नाही. कागदावर वजन म्हणून नाही, दाराला अडण म्हणून नाही, कशाला नाही. नुसता ठेवायचा. कबूल?"

ज्या घरात प्रोबेशन पूर्ण केल्याशिवाय चमचासुद्धा राहत नसे त्या घरातल्या माणसाला ही अट. नानांना पिशवी आठवली असावी. घसा खाकरून म्हणाले, "कबूल."

काकूंना लॉटरी लागल्यासारखं झालं. त्यांच्या संसारात आलेली ही पहिली शोभेची वस्तू. हंस रेडिओवर बसला. आल्यागेल्याला काकू आधी हंस दाखवत, मग चहा. नाना पिशवी घेऊन बाजारात जात आणि परत आल्यावर हंसाकडे पाठ करून बसत. "काय करतो हा?" एकदा ते कुरकुरले. काकू म्हणाल्या, "तुम्ही तरी आता काय करताय?"

पुढे माझी बदली झाली. नाना निवृत्त होऊन धुळ्याला देवपुरात घर बांधून राहिले. सिस्टरही नोकरी संपवून बोदवडला गेल्या. मध्ये बरीच वर्षं गेली. आमच्या टीव्हीवरच्या हंसाचं सांगायचं तर त्याला खानदेशचा पहिला उन्हाळाच झेपला नाही. नायलॉनचा दोरा सैल पडला, मान झुकली आणि मे महिन्यात चोच टीव्हीच्या काचेला टेकली. बातम्या वाचणाऱ्या बाईंच्या डोक्यातल्या उवा टिपतोय असं दिसायचं. वसाहतीत सगळीकडे हेच. घरोघरी हंस खाली मान घालून, काहीतरी गुन्हा करून आल्यासारखे. एकेक करून ते माळ्यावर गेले.

एकदा कामानिमित्त धुळ्याला गेलो, तेव्हा नानांकडे डोकावलो. थकले होते. पण मला बघताच त्यांनी माझं मनगट धरलं आणि थेट आत ओढत नेलं. बस म्हणाले नाहीत, पाणी विचारलं नाही. रेडिओवर हंस होता. मान ताठ, जसा पहिल्या दिवशी.

"दिसलं?" नाना म्हणाले.

"काय?"

"अहो, मान! आमच्या पुतणीकडचा पडला, शेजारच्यांचा पडला, तुमचा?"

"आमचा पहिल्याच उन्हाळ्यात."

"हा का पडला नाही?" त्यांनी बॅटरी पेटवून हंसाच्या गळ्याला लावली. पारदर्शक मण्यांतून उजेड आत गेला. "बघा. आत सलाईनची नळी आहे. नळीत सायकलचा स्पोक, बरोबर वळवलेला. दोरा नायलॉनचा नाहीच. टाके घालायचा दोरा आहे, मुदत संपलेला. गाठसुद्धा टाक्याची. सुटणार नाही. अन् खाली पोटात इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या, त्यात रेती. म्हणून हा कलंडत नाही." बॅटरी तशीच धरून ते म्हणाले, "आठ हंस होते ओळीत. सात अडाणी, एक शहाणा. अन् मी डोळे असून उचलला नाही. मना डोया फुटेल व्हतात, भो."

मी म्हटलं, "जाऊ द्या नाना, जुनी गोष्ट."

"जाऊ कशी देऊ? जन्मभर मी लोकांना सांगत फिरलो, नीट बघा, उलटं करून बघा. अन् जिथे बघायचं तिथे लांबून हात हलवला. त्या बाईला हे सांगितल्याशिवाय मला काही सुचायचं नाही. पण आता एकट्याने एवढा प्रवास होत नाही." जरा थांबून म्हणाले, "अन् भीती अजून वाटते."

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "मीपण येते. हंस मी धरीन, तुमच्या हातून पडेल."

असे आम्ही तिघं निघालो. धुळ्याहून जळगावपर्यंत एसटी, पुढे बोदवडला पॅसेंजर. हंस त्याच्याच बहिणीत, म्हणजे सिस्टरांनी करून दिलेल्या वायरच्या पिशवीत, काकूंच्या मांडीवर, मान बाहेर काढून. कंडक्टर म्हणाला, "आजी, पक्ष्याचं अर्धं काढू का?" पारोळ्याच्या पुढे मी मनाचा हिय्या करून विचारलं, "नाना, आता फेरविचार चाललाच आहे, तर माझं जहाज?"

"ते आगाऊच होतं," नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले.

सिस्टरांचं घर स्टेशनपासून जवळच. केस पांढरे झाले होते, नजर तीच. दारात आम्हाला बघून म्हणाल्या, "या. कुणाला काय होतंय?" भिंतीतल्या फळीवर बुद्धाची एक छोटी मूर्ती होती आणि तिच्यापुढे ताजी फुलं. सिस्टरांनी स्टूल पुढे केलं आणि नाना त्यावर सरळ बसले. उलटं करून बघितलं नाही. काकूंनी माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघंही घाबरलो.

नानांनी हंस पिशवीतून काढून जमिनीवर ठेवला. नकाशा समजावून सांगताना ऑफिसात उभे राहत तसे उभे राहिले आणि सगळं सांगितलं. नळी, स्पोक, दोरा, गाठ, रेती. एकही गोष्ट गाळली नाही. शेवटी हात जोडून म्हणाले, "सिस्टर, त्या दिवशीचं पहिलं बक्षीस हंसाचं होतं. मी चुकलो. हा शहाणा आहे."

मला वाटलं, झालं. आता सिस्टर डोळे पुसतील, चहा होईल आणि संध्याकाळच्या गाडीने आम्ही परत.

सिस्टर हसल्या. "नाना, म्हणजे मान पडली नाही म्हणून बक्षीस. पडली असती तर?"

नानांनी जोडलेले हात सोडले.

"नळी बघितली, दोरा बघितला, रेती बघितली. पुन्हा उपयोगच बघितला तुम्ही. ते सगळं मी तो उभा राहावा म्हणून केलं. उभा कशासाठी केला? कुणी बघावा म्हणून. इतकी वर्षं तुमच्या घरात समोर आहे." त्या जरा पुढे वाकल्या. "मले एवढंच सांगा, दिसतो कसा?"

नाना हंसाकडे बघायला लागले. हात सवयीने खिशात गेला, गोटी लागली, तसाच बाहेर आला. मग ते खाली बसले, जमिनीवर, हंसाच्या समोर. दारातून ऊन आत आलं होतं आणि मण्यांतून फुटून हंसाच्या मागे जमिनीवर सांडलं होतं. मीही ते तेव्हाच बघितलं. बाहेर मालगाडी जात होती, ती जाऊन संपली तरी नाना बघत होते. ते शब्द शोधत होते हे दिसत होतं. तिन्ही शब्द त्यांनी उचलून बघितले असावेत आणि परत ठेवले असावेत.

"देखना शे," नाना म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "सिस्टर, हंस देखना शे."

सिस्टर उठल्या आणि चहा टाकायला आत जायला निघाल्या, पण त्यांना जाता आलं नाही, कारण काकू मध्ये उभ्या होत्या. काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "परत म्हणा."

"काय?"

"तेच. आता इकडे बघून म्हणा."

नानांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला. काकूंकडे बघितलं. आणि ते म्हणाले. काय म्हणाले ते मला सांगता येणार नाही. सिस्टर आणि मी तेव्हा अगदी मन लावून हंसाकडे बघत होतो.